मेंढीचे दूध : इनामगावच्या हाडांपासून जुळ्यांच्या जनुकापर्यंत

१.
शिरूर आणि दौंड. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील हे दोन तालुके आज रांजणगाव आणि कुरकुंभच्या औद्योगिक वसाहती, उसाचे मळे आणि दौंडचे रेल्वे जंक्शन यांमुळे ओळखले जातात. याच भूमीत तीन हजार वर्षांपूर्वीही मेंढी चरत होती. तिच्या लोकरीवर अहवाल लिहिले गेले, तिच्या मांसाचे भाव बाजारात पुकारले गेले. पण ज्या गोष्टीवर तिचा आणि तिच्या मेंढपाळाचा संसार उभा आहे, तिचा इतिहास फारसा कोणी सांगितला नाही. ती गोष्ट म्हणजे तिचे दूध. आजचा धागा त्या दुधाचा आणि मेंढीच्या रक्तातील आनुवंशिक वैविध्याचा.

२.
प्रारंभी भूगोल पाहू. सह्याद्रीच्या माथ्यावर हजारो मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि तेथून अवघ्या शंभर किलोमीटरच्या आत, घोड आणि भीमा नद्यांच्या या पट्ट्यात, तो सरासरी पाचशे मिलिमीटरच्या आसपास येऊन थांबतो. मुरमाड माळ, कुसळी गवत, बोरी-बाभळी आणि मधूनच काळ्या जमिनीचा तुकडा, असे हे पर्जन्यछायेचे रूप. अशा भूमीत दोनच गोष्टी भरवशाच्या ठरल्या : बाजरी-ज्वारीसारखी कणखर पिके, आणि मिळेल ते खुरटून खात पुढे सरकणारा कळप.

३.
या कळपाचा मागोवा घ्यायचा तर शिरूर तालुक्यातील इनामगावला जावे लागते. घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यामागची प्रमुख नावे. साधारणतः इसवी सनपूर्व १६०० ते ७०० अशी नऊशे वर्षे येथे मानवी वस्ती होती. माळवा, पूर्व जोर्वे आणि उत्तर जोर्वे असे तिचे तीन कालखंड मानले जातात.

४.
पूर्व जोर्वे काळातील इनामगाव सुस्थितीत दिसते : चौकोनी प्रशस्त घरे, बार्लीची शेती, पाणी वळवण्यासाठी बांधलेला पाट. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास मात्र चित्र पालटते. घरे लहान आणि गोल होतात, शेतीचा पसारा आटतो. ढवळीकरांनी याचा संबंध वाढत्या अवर्षणाशी जोडला. पाऊस रोडावला तेव्हा लोकांनी शेतीवरचा भार कमी केला आणि ते शेळ्या-मेंढ्यांच्या आधाराने अर्धभटके जीवन जगू लागले, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणजे या मातीत मेंढी हा दुष्काळावरचा उपाय म्हणून पुढे आली. हे सूत्र ध्यानात ठेवा. पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

५.
आता प्रश्न असा, की प्राचीन लोक मेंढीचे दूध पीत होते की नाही हे पुरातत्त्वज्ञ ओळखतात कसे? दूध मातीत टिकत नाही. म्हणून दोन वाटा वापरल्या जातात. पहिली वाट हाडांची : कळपातील नर कोवळ्या वयातच मारले गेले असतील आणि माद्या म्हातारपणापर्यंत राखल्या असतील, तर तो कळप दुधासाठी पाळला असावा असा तर्क केला जातो. दुसरी वाट मडक्यांची : भाजलेल्या मातीच्या छिद्रांत मुरलेल्या स्निग्धांशाचे रासायनिक पृथक्करण करून तो दुधाचा की मांसाचा हे सांगता येते. त्यात आणखी एक अडचण असते. शेळी आणि मेंढी यांची हाडे इतकी सारखी, की अनेकदा त्यांची गणना एकत्रच करावी लागते.

६.
इनामगावनंतर शतके उलटली आणि माळरानावरच्या या व्यवसायाला धनगर समाजाचा चेहरा मिळाला. कैलाश मल्होत्रा आणि माधव गाडगीळ यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी दाखवून दिले, की धनगरांचे निरनिराळे गट महाराष्ट्रात भौगोलिक परिस्थितीनुसार विखुरले असून मेंढपाळ गट प्रामुख्याने कमी पावसाच्या पट्ट्यात आढळतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी तर धनगरांच्या ओव्या ध्वनिमुद्रित करून खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा या दैवतांचा इतिहास त्यांतून उलगडला. दौंडच्या शेजारचीच जेजुरी. तेथील देवाने चंदनपुरीच्या बाणाईसाठी चाकरी पत्करून मेंढरे राखली, ही कथा महाराष्ट्राला पाठ आहे. ज्या समाजाचा देवही मेंढका होतो, त्या समाजात मेंढीचे स्थान निराळे सांगायला नको.

७.
मेंढपाळाचे वर्ष पावसाच्या तालावर चालते. पावसाळ्यात कळप गावाकडच्या माळावर असतो. दिवाळीच्या आगेमागे वाडा हलतो. येथे वाडा म्हणजे चिरेबंदी घर नव्हे. एकत्र चालणाऱ्या कुटुंबांचा आणि त्यांच्या कळपांचा तांडा म्हणजे वाडा. घोड्यांवर संसार लादून कोणी नदीकाठच्या काळ्या रानात उतरतात, कोणी घाट ओलांडून कोकणात जातात. तेथील भातशेते कापून झालेली असतात. कळप रात्री शेतात बसवला जातो, शेताला लेंडीखत मिळते आणि मेंढपाळाला धान्य अथवा पैसे. मृगाच्या आधी परतीची वाट धरली जाते.

८.
या पायपिटीत टिकणारी मेंढी म्हणजे दख्खनी. रंग बहुधा काळा, लोकर राठ, बांधा मध्यम, चालण्याला अथक. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी अशा तिच्या स्थानिक धाटण्या सांगितल्या जातात. एकाच जातीत इतके वैविध्य का? कारण ही जात कोणत्या सरकारी फार्मवर घडली नाही. प्रत्येक वाड्याने आपापल्या वाटेवरचे हवामान, चारा आणि रोग यांना पुरून उरतील असे मेंढे पैदाशीसाठी राखले. शेकडो मेंढपाळांच्या शेकडो वर्षांच्या निवडीचे फळ म्हणजे हे वैविध्य.

९.
आता दुधाकडे वळू. गायीच्या दुधात सरासरी ४ टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात ७ च्या आसपास. मेंढीचे दूध स्निग्धांशात म्हशीच्या जवळ जाते, आणि प्रथिनांत दोघींनाही मागे टाकते : गायीच्या दुधात प्रथिने सुमारे साडेतीन टक्के, मेंढीच्या दुधात साडेपाच टक्क्यांच्या घरात. एकूण घनपदार्थ गायीच्या दुधात १२-१३ टक्के, तर मेंढीच्या दुधात १८ टक्क्यांच्या आसपास. थोडक्यात, मेंढीचे दूध प्रमाणाने थोडे पण सत्त्वाने दाट. तरीही धनगरवाड्यावर ते विकायला काढले जात नाही. फार तर घरच्या चहापुरते पिळले जाते. बाकी सारे कोकराचे.

१०.
यामागे साधा हिशेब आहे. कोकराचे वजन एक किलोने वाढायला ढोबळमानाने पाच लिटर मेंढीचे दूध लागते. दख्खनी मेंढीची कास लहान, तिला बांधावर खुराक नाही, दिवसभर चालणे आहे. त्या कासेतले दूध बादलीत गेले तर कोकरू खुरटते; आणि कोकरू हेच मेंढपाळाचे रोख उत्पन्न. म्हणून जाणता मेंढपाळ पैदाशीसाठी मेंढा निवडताना त्याची शिंगे आणि चाल पाहतोच, पण त्याची आई कशी होती हेही विचारतो : तिला पान्हा कसा फुटत असे, तिचे कोकरू कसे पोसले. दुधाची नोंद कागदावर नव्हती. ती माणसांच्या स्मरणात होती.

११.
राज्यकर्त्यांना मात्र मेंढीत निराळीच गोष्ट दिसली. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनच्या गिरण्यांना मऊ, पांढरी लोकर हवी होती. दख्खनीची लोकर काळी आणि राठ; तिच्या तंतूची जाडी सुमारे ५० मायक्रॉन, तर मेरिनोच्या तंतूची २० च्या आसपास. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासूनच परदेशी मेंढे दख्खनमध्ये आणून येथील लोकर ‘सुधारण्याचे’ प्रयत्न झाले. त्यात एक मूलभूत गैरसमज होता. ज्या राठ लोकरीला दोष मानले गेले, तिचेच घोंगडे होते. पावसात भिजूनही ऊब देणारे, अंथरायला, पांघरायला, ओझे बांधायला चालणारे घोंगडे मेरिनोच्या मऊ लोकरीतून विणले जात नाही.

१२.
स्वातंत्र्यानंतरही लोकरीचा ध्यास सुटला नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देशभर मेरिनो आणि रॅम्बुले मेंढ्यांशी स्थानिक मेंढ्यांचे संकर करण्यात आले. दख्खनीही त्याला अपवाद नव्हती. महाराष्ट्रात १९७८ मध्ये मेंढी व शेळी विकासासाठी स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले. आज ते पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे नाव धारण करते आणि त्याचे मुख्यालय पुण्यात आहे. फार्मवर संकरित मेंढ्या जगल्या, पण दिवसाला मैलोन् मैल चालणाऱ्या वाड्यात त्यांचा निभाव लागणे कठीण होते. शिवाय पुढे घोंगड्यांची मागणी घटली, कृत्रिम धाग्यांची ब्लँकेटे आली, आणि लोकर कातरण्याची मजुरीही तिच्या विक्रीतून सुटेना.

१३.
याच काळात दूरच्या फ्रान्समध्ये एका मेंढीचा इतिहास निराळ्या दिशेने गेला. रोकफोर हे प्रसिद्ध चीज लाकोन जातीच्या मेंढीच्या दुधापासून बनते. तेथील पशुपालकांनी सहकारी पद्धतीने प्रत्येक मेंढीच्या दुधाची नोंद ठेवायला सुरुवात केली आणि त्या नोंदींवरून मेंढे निवडले. १९६० च्या सुमारास एका वेतात सत्तर-ऐंशी लिटर दूध देणारी लाकोन शतकाच्या अखेरीस अडीचशे लिटरच्या पुढे गेली. त्यात जादू काहीच नव्हती : वैविध्य कळपात आधीपासून होते, नोंदींनी ते दृष्टीस आणले आणि निवडीने ते एकवटले. दख्खनीच्या बाबतीत वैविध्य होते, निवडही होती. पण दुधाची लिखित नोंद नव्हती.

१४.
दुधातील वैविध्य जनुकांत कोठे दडलेले असते? मेंढीच्या दुधात बीटा-लॅक्टोग्लोब्युलिन नावाचे प्रथिन असते. त्याची ‘ए’ आणि ‘बी’ ही दोन मुख्य रूपे. साखळीतील विसाव्या जागी एकात टायरोसिन, तर दुसऱ्यात हिस्टिडिन हे अमिनो आम्ल असते, फरक एवढाच. चीज बांधणाऱ्या केसीन प्रथिनांचीही अनेक रूपे आहेत. यांपैकी कोणते रूप अधिक दूध किंवा दाट दही देते, यावर युरोपात पुष्कळ अभ्यास झाले आणि त्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळले नाहीत. कारण दूध हा एका जनुकाचा खेळ नाही. अनेक जनुकांचा थोडाथोडा वाटा, आणि त्यावर चारा, पाणी, चाल यांचा मोठा प्रभाव, असे ते मिश्रण आहे.

१५.
इकडे शिरूर-दौंडची भूमी पालटत होती. खडकवासल्याचा कालवा दौंडच्या रानातून वाहू लागला, शिरूरकडे घोड आणि चासकमानचे पाणी आले. माळाचा ऊस झाला, पडीक जमीन कुंपणाआड गेली, औद्योगिक वसाहती उभ्या राहिल्या. चराईचे क्षेत्र आक्रसले आणि उसात दडणारा बिबट्या कळपाचा नवा शत्रू झाला. त्याच वेळी शहरांची वाढ झाली आणि मटणाचा भाव चढत गेला. आता मेंढपाळाचा हिशेब लोकरीचा उरला नाही. तो एका प्रश्नावर येऊन ठेपला : चारा वाढत नाही, कळप वाढवता येत नाही, मग तेवढ्याच मेंढ्यांपासून अधिक कोकरे कशी मिळतील? दख्खनी मेंढी तर एका वेताला बहुधा एकच कोकरू देते.

१६.
या प्रश्नाचे उत्तर ज्या वाटेने आले, ती वाट इतिहासाच्या विद्यार्थ्याला थक्क करणारी आहे. तिची सुरुवात बंगालमध्ये होते. सुंदरबनच्या दलदलीत गारोल नावाची मेंढी असते. दहा ते पंधरा किलोंची, गुडघाभर पाण्यात उभी राहून गवत खाणारी. एका वेताला दोन-तीन कोकरे देणे हे तिचे वैशिष्ट्य. १७९२-९३ मध्ये कलकत्त्याहून निघालेल्या जहाजांतून बंगालच्या मेंढ्या ऑस्ट्रेलियातील नव्या ब्रिटिश वसाहतीत पोहोचल्या. तेथे पुढे मेरिनोचे राज्य आले आणि बंगालच्या मेंढ्या त्या गर्दीत विरून गेल्या. त्यांचे एक जनुक मात्र विरले नाही.

१७.
विसाव्या शतकाच्या मध्यास न्यू साउथ वेल्समधील कूमा गावाजवळ ‘बुरूला’ नावाच्या फार्मवर सीअर्स बंधूंच्या मेरिनो कळपात जुळी-तिळी कोकरे वारंवार जन्मू लागली. त्यांनी अशा मेंढ्या वेगळ्या राखल्या. ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या संशोधन संस्थेने तेथील काही मेंढ्या घेऊन अभ्यास आरंभला. १९८० च्या सुमारास शास्त्रज्ञांच्या लक्षात आले, की हा गुण अनेक जनुकांच्या बेरजेतून आलेला नसून एकाच प्रभावी जनुकाचा परिणाम असावा. त्याला ‘फेक-बी’ हे नाव मिळाले. हेलन न्यूटन टर्नर या विदुषीने जुनी कागदपत्रे चाळून त्याचा उगम बंगालच्या त्या मेंढ्यांपर्यंत नेला.

१८.
२००१ मध्ये तीन स्वतंत्र संशोधक गटांनी हे जनुक नेमके शोधले. मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरील ‘बीएमपीआर-१बी’ या जनुकात ७४६ व्या स्थानी ‘ए’ या अक्षराऐवजी ‘जी’ आलेले असते. त्यामुळे प्रथिनाच्या २४९ व्या जागी ग्लुटामिनऐवजी आर्जिनिन बसते आणि अंडाशयात एका वेळी अधिक बीजे पक्व होतात. २००२ मध्ये न्यूझीलंडच्या जॉर्ज डेव्हिस यांच्या नेतृत्वाखाली अनेक देशांतील मेंढ्यांच्या रक्ताची तुलना झाली, आणि गारोलमध्ये हाच बदल आढळला. टर्नर यांचा दस्तऐवजी तर्क दोन दशकांनी रक्ताच्या थेंबाने खरा ठरवला. दप्तर आणि डीएनए एकमेकांना साक्ष देतात, त्याचे हे सुंदर उदाहरण.

१९.
शास्त्रज्ञ हे अक्षर शोधत होते, तेव्हाच महाराष्ट्रात ते काम करू लागले होते. दौंडच्या दक्षिणेला, नीरा ओलांडली की सातारा जिल्ह्यातील फलटण लागते. बी. व्ही. निंबकर यांनी तेथे १९६८ मध्ये निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन केली. १९९० च्या दशकात या संस्थेने सुंदरबनातून गारोल मेंढ्या फलटणला आणल्या आणि दख्खनीच्या लोणंद धाटणीशी त्यांचा संकर सुरू केला. इवल्या गारोलचे रक्त सारेच्या सारे नको होते. हवे होते तिचे एक अक्षर. म्हणून प्रत्येक पिढीत जनुकवाहक संकराचा पुन्हा दख्खनीशी संयोग करायचा, म्हणजे अंगकाठी दख्खनीची राहते आणि जुळ्यांचे जनुक टिकते.

२०.
अडचण अशी, की मेंढ्याकडे पाहून त्याच्यात हे जनुक आहे की नाही हे कळत नाही; जुळी तर त्याच्या मुलीला व्हायची असतात. येथे पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा मदतीला आली आणि रक्ताच्या नमुन्यावरून डीएनए तपासणी शक्य झाली. ऑस्ट्रेलियाच्या न्यू इंग्लंड विद्यापीठाचे साहाय्य लाभले. त्याच विद्यापीठात डॉ. चंदा निंबकर यांनी दख्खनी मेंढीच्या आनुवंशिक सुधारणेवर पीएच.डी. केली. पुढे जनुकवाहक मेंढे प्रत्यक्ष मेंढपाळांच्या कळपांत सोडण्यात आले. या नव्या वाणाला ‘नारी सुवर्णा’ हे नाव मिळाले. १७९२ मध्ये बंगाल सोडून गेलेले अक्षर ऑस्ट्रेलियात ओळखले गेले, आणि त्या ओळखीमुळेच दख्खनच्या माळावर त्याचे महत्त्व कळले.

२१.
कथा येथे संपली असती तर ती विजयकथा झाली असती. पण आता मेंढीच्या कासेपाशी प्रश्न उभा राहिला. जुळी झाली, तरी कास तीच. दोन कोकरे लुचू लागली की मेंढीचे दूध वाढते, मात्र दुप्पट होत नाही. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला कमीच येते. त्यात जुळी जन्मतः वजनाला हलकी. पहिल्या काही तासांत पोटभर चीक मिळाला नाही, तर रोगाशी झुंजण्याची शक्तीच त्यांना लाभत नाही. जनुकाच्या दोन प्रती असलेल्या मेंढीला तिळी होण्याचा संभव अधिक, आणि तिसऱ्या कोकराला सड शिल्लक नसतो. म्हणून मेंढपाळाच्या कळपातील मेंढीला एकच प्रत असणे सोयीचे मानले जाते. अक्षराने कोकरू जन्माला घातले. त्याला जगवायचे काम दुधाचे होते.

२२.
हे काम वाड्यावर कोण करते, तेही पाहण्याजोगे आहे. पुरुष कळपामागे जातात. तान्ही कोकरे मागे वाड्यावर स्त्रियांच्या देखरेखीखाली राहतात. त्यांना वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, किंवा डालग्याखाली राखले जाते. सायंकाळी कळप परतला की शेकडो माया आणि शेकडो कोकरे यांच्या कल्लोळात कोणते कोकरू कोणाचे हे धनगरीण बिनचूक ओळखते. एखादी मेंढी कोकराला घेत नसेल तर तिला धरून पाजवते. कळपात थोड्या शेळ्या असतात, त्या याचसाठी : ज्याला आईचे दूध पुरत नाही, त्याला शेळीला लावले जाते. जुळ्यांच्या जनुकाचे यश प्रयोगशाळेइतकेच या हातांवर अवलंबून आहे.

२३.
दुधाचा हा पेच शास्त्रज्ञांनाही उमगला होता. पश्चिम आशियातील अवासी मेंढी दुधासाठी प्रसिद्ध. इस्रायलमध्ये निवडीने घडवलेली सुधारित अवासी एका वेतात पाचशे लिटरच्या घरात दूध देते. ‘नारी सुवर्णा’च्या घडणीत दख्खनी आणि गारोलबरोबर मंड्याकडील बन्नूर आणि या अवासीचाही अंश आहे. राजस्थानात अविकानगरच्या केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेने ‘अविशान’ हे वाण घडवले, तेव्हा गारोल आणि मालपुरा यांच्या संकरात गुजरातच्या पाटणवाडी मेंढीचे रक्त मिसळले. पाटणवाडी भारतातील चांगल्या दुधाच्या मेंढ्यांत गणली जाते. दोन्हीकडचा अनुभव एकच सांगतो : जुळी हवी असतील तर आधी दूध हवे.

२४.
येथे एक मनोरंजक योगायोग नोंदवू. दुधातील केसीन प्रथिनांची जनुके मेंढीच्या सहाव्या गुणसूत्रावरच आहेत. जुळ्यांचे ‘फेक-बी’ही त्याच गुणसूत्रावर, मात्र बऱ्याच अंतरावर. पण शेजार असला तरी स्वभाव भिन्न. जुळ्यांसाठी एक अक्षर पुरते आणि ते एका रक्ततपासणीत दिसते. दुधासाठी असे एक अक्षर नाही. त्यासाठी हजारो मेंढ्यांच्या, अनेक वेतांच्या, प्रत्यक्ष चालत्या वाड्यातल्या नोंदी लागतात : कोणत्या मेंढीची कोकरे तीन महिन्यांत किती पोसली, कोणाच्या कासेला दाह झाला, दुष्काळी सालात कोणाचे दूध आटले नाही. धनगरीण हे सारे जाणते. प्रश्न ते ज्ञान नोंदवहीत आणण्याचा आहे.

२५.
आणि त्याला घाई आहे. मटणाच्या भावामुळे अनेक मेंढपाळ उंच्यापुऱ्या, लोकर नसलेल्या मेंढ्यांकडे वळले. सांगली जिल्ह्यातील माडग्याळ मेंढ्यांना मोठी मागणी आली आणि कळपोकळपी त्यांचे रक्त मिसळले. त्यात मेंढपाळाचा दोष नाही. त्याला मुलांची शिक्षणे करायची आहेत. पण काळी, बुटकी, अथक दख्खनी जसजशी विरळ होते, तसतसे तिच्यातले आपण कधी मोजलेच नाही असे वैविध्यही हरवत जाते. उन्हाळ्यात अर्धपोटी राहूनही कोकराला पान्हा सोडणारी मेंढी नाहीशी झाली, तर ती कोणत्या गुणामुळे तशी होती हे नंतर कोणत्याही प्रयोगशाळेत शोधता येणार नाही.

२६.
आता सुरुवातीचे सूत्र आठवा. इसवी सनपूर्व १००० च्या सुमारास पाऊस रुसला, तेव्हा घोडकाठच्या माणसांनी शेळ्या-मेंढ्यांचा आधार घेतला. तीन हजार वर्षांनी त्याच परिसरात कालव्यांमुळे तो आधार अनावश्यक वाटू लागला आहे. पण कालव्याचे पाणीही शेवटी पावसावरच अवलंबून असते. पावसाचे गणित पुन्हा बिघडले तर माळावर काय टिकेल, हा प्रश्न इनामगावकरांइतकाच आपलाही आहे. दोन शतके तज्ज्ञांनी दख्खनी मेंढीला लोकर किती, असे विचारले. मग बाजाराने विचारले, वजन किती. मग विज्ञानाने विचारले, कोकरे किती. तिच्या मेंढपाळाने मात्र प्रथमपासून एकच विचारले होते : कोकराला दूध पुरते का?

२७.
तुमच्यापैकी ज्यांची गावे या पट्ट्यात आहेत, त्यांना एक विनंती. दिवाळीनंतर तुमच्या शिवारात वाडा उतरला, तर थोडा वेळ तेथे जाऊन बसा. वडीलधाऱ्या धनगर मावशींना विचारा, की कळपातली सर्वांत दुधाची मेंढी कोणती, तिची आई कोणती, तिचे वाण कोठून आले. त्यांनी सांगितलेले तारीख-वार घालून लिहून ठेवा. शिलालेख आणि बखरी वाचणे हा इतिहास आहेच. कासेची वंशावळ लिहून ठेवणे हाही इतिहासच आहे. आपल्या भागातील वाड्यांच्या वाटा, घोंगडी विणणारी गावे, मेंढरे बसवण्याच्या पद्धती यांविषयी तुम्हाला माहिती असेल तर खाली अवश्य लिहा.

धागा समाप्त.